फोम बोर्डाचा गडदरवाजा आणि त्याच्या मापाचे मावळे

दिवाळीच्या किल्ल्याचा डोंगर माती, दगड आणि गोणपाट यांनी उत्तम उभा राहतो; अडचण येते ती दरवाज्याची. मातीचा दरवाजा वाळताना तडकतो, खोक्याच्या पुठ्ठ्याचा दवाने मऊ पडतो आणि बाजारात मिळणारा तयार दरवाजा मावळ्याच्या मानाने एक तर फार ठेंगणा असतो किंवा अवाढव्य. फोम बोर्ड वापरून हा दरवाजा घरच्या घरी बांधता येतो आणि नीट बांधल्यास तो वर्षानुवर्षे टिकतो. या लेखात एक कमानदार दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंचे अर्धगोल बुरूज आणि तिथे पहारा देणारे मावळे, एवढ्याच गोष्टींचा विचार केला आहे.

आधी मावळा, मग दरवाजा

बहुतेक जण आधी इमारत बांधतात आणि नंतर मूर्ती शोधत फिरतात. हा क्रम उलटा करावा, कारण इमारत हव्या त्या मापाची करता येते, मूर्ती मात्र मिळेल त्या मापाची घ्यावी लागते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी मावळ्यांचे ढीग लागतात, पण एकाच टोपलीतले भालदार, घोडेस्वार आणि सिंहासनावरचे महाराज क्वचितच एका प्रमाणात असतात. खरेदीला जाताना पट्टी बरोबर न्यावी आणि पायापासून डोक्यापर्यंतची उंची मोजूनच मूर्ती निवडाव्यात. महाराजांची मूर्ती इतरांपेक्षा थोडी मोठी असली तरी ती डोळ्यांना खटकत नाही. एक मावळा दुसऱ्याच्या खांद्याला लागत असेल, तर ते मात्र लगेच खटकते.

छंद म्हणून रंगवल्या जाणाऱ्या रेझिनच्या किंवा धातूच्या मूर्ती साधारणपणे २८ मिमी मापाच्या असतात. माणसाची उंची १६८ सेंमी धरली तर २८ मिमीच्या मूर्तीचे प्रमाण १:६० येते. काही उत्पादक मात्र २८ मिमी हे माप डोळ्यांपर्यंत मोजतात. तेव्हा पूर्ण उंची ३० मिमी भरते आणि प्रमाण १:५६ होते, म्हणून वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा आपल्या पट्टीवर विश्वास ठेवावा. पुढची सर्व मापे १:६० या प्रमाणातली आहेत. कुंभारवाड्यातला मावळा ९ सेंमीचा असेल, तर प्रत्येक माप ३.२ ने गुणावे आणि भिंतींसाठी बोर्डाचे दोन थर चिकटवून घ्यावेत.

कोणता बोर्ड घ्यावा

पुण्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात ‘फोम बोर्ड’ मागितला की पुष्कळदा सनबोर्ड हातात पडतो. सनबोर्ड हा पीव्हीसीचा अखंड, टणक पत्रा असतो. तो सपाट भिंतींसाठी आणि पाट्यांसाठी चांगला असला तरी त्यावर पेनाने दगड कोरता येत नाहीत. आपल्याला हवा आहे तो दोन कागदांच्या मधे मऊ पांढरा फोम असलेला ५ मिमी जाडीचा बोर्ड. दुकानातच त्याची कड बोटाने दाबून पाहावी. खळगा पडला तर बोर्ड योग्य आहे. थर्माकोलचे मणी कापताना सुटतात आणि कड कुरतडल्यासारखी दिसते, त्यामुळे तो या कामाला घेऊ नये.

या बोर्डाच्या पोटातला फोम बहुधा पॉलिस्टायरीनचाच असतो, म्हणजे थर्माकोलच्याच कुळातला. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये निघालेल्या प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीच्या अधिसूचनेत सजावटीचे थर्माकोलही आले होते. तेव्हा हा दरवाजा दिवाळीनंतर टाकून देण्यासाठी बांधायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे. पुढे ज्या काही मजबुतीच्या खटाटोपी सांगितल्या आहेत, त्यांमागे हेही एक कारण आहे.

याशिवाय खटक्याचा कटर आणि त्याची भरपूर पाती, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, टाचण्या, आइस्क्रीमच्या काड्या, पॉलिश पेपर, अॅक्रिलिक रंग आणि तळासाठी ६ मिमीचा प्लायवूड एवढे साहित्य लागते. प्लायवूड, पाती आणि पॉलिश पेपर बोहरी आळीत मिळतात, तर रंग आणि कुंचले अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात. पोस्टर रंग स्वस्त असले तरी घेऊ नयेत, कारण वाळल्यावरही पाणी लागताच ते पुन्हा विरघळतात आणि वरचा हात खालच्या हातात मिसळून सगळे गढूळ होते.

कापणी

फोम बोर्ड एका दमात कापायचा नसतो. पट्टी घट्ट धरून पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद चिरावा, दुसऱ्या फेरीत फोम आणि तिसऱ्या फेरीत खालचा कागद. पाते उभे न धरता शक्य तितके आडवे धरावे, म्हणजे ते फोम ओढत नाही, कापत जाते. कापताना करकर असा आवाज येऊ लागला किंवा कडेला फोमचे तुकडे उपटलेले दिसले, तर पात्याचे टोक बोथट झाले आहे असे समजून ते मोडावे. या कामात पाते भाजी चिरण्याच्या सुरीसारखे महिनोन्महिने चालत नाही. मोकळा हात कधीही पात्याच्या वाटेत ठेवू नये आणि मुले बरोबर असतील तर कापणी मोठ्यांनी करून दगड कोरण्याचे काम मुलांकडे द्यावे. ते त्यांना अधिक आवडतेही.

कोपऱ्याच्या जोडात फोमची पांढरी कड उघडी पडते आणि सगळा खेळ उघड होतो. त्यासाठी एका तुकड्याच्या कडेपासून बरोबर ५ मिमी आत रेघ मारावी, वरचा कागद आणि फोम कापून काढावा आणि खालचा कागद तसाच राहू द्यावा. दुसऱ्या तुकड्याची जाडी त्या खाचेत बसते आणि बाहेरून अखंड कागद दिसतो. हे दोन-तीन रद्दी तुकड्यांवर करून पाहिले की हात बसतो.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलच वापरावा आणि तो पातळ पसरावा, कारण दोन बंद पृष्ठभागांच्या मधे जाड थर दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. तो धरेपर्यंत जोड टाचण्यांनी अडकवून ठेवावेत. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद आणि डब्यातला स्प्रे पेंट उघड्या फोमपासून दूर ठेवावेत. दोन्ही फोमला खातात आणि क्षणात खड्डा पडतो.

कमान

दरवाज्याची भिंत १२० मिमी रुंद आणि १३० मिमी उंच घ्यावी. तिच्या मधोमध ६० मिमी रुंदीचे दार आखून ६० मिमी उंचीवर आडवी रेघ मारावी. या रेघेवर दाराच्या डाव्या कडेपासून २० मिमी आणि ४० मिमी अंतरावर दोन खुणा कराव्यात. कंपासमध्ये ४० मिमीचे अंतर घेऊन उजव्या खुणेवरून डावा कंस आणि डाव्या खुणेवरून उजवा कंस काढला की ते मधे मिळून सुमारे ३९ मिमी उंचीची टोकदार कमान तयार होते. दाराची एकूण उंची ९९ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले सहा मीटरच्या जवळपासचे दार झाले. हत्ती जाईल एवढे दार हवेच, नाहीतर ते गडाचे न दिसता वाड्याच्या मागल्या दारासारखे दिसते.

अशा दोन भिंती कापून त्यांच्या मधे ६० मिमीचे अंतर ठेवावे, म्हणजे आतून जाण्याचा बोळ तयार होतो. बोळाच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या म्हणून उथळ कोनाडे कापावेत. या देवड्या हौशी प्रतिकृतींमध्ये फार वेळा राहून जातात, पण त्यांच्यामुळे मावळ्याला बसायला जागा मिळते आणि कमानीतून डोकावणाऱ्याला आत काहीतरी सापडते.

येथे एक निर्णय घ्यावा लागतो. रायगडाच्या महादरवाज्यासारखे गडांचे दरवाजे दोन बुरुजांच्या कवेत, वळणाच्या वाटेमागे लपवलेले असतात. शत्रूला दार दिसू नये आणि हत्तीला धडक देण्यासाठी धाव घेता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा मात्र सरळ समोर उभा आहे. गडाची ही लपवलेली, म्हणजे गोमुखी रचना जशीच्या तशी केली तर पाहणाऱ्यालाही दार दिसत नाही. माझे मत असे की पुढचा बुरूज पुरता आडवा न आणता दाराचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकेल इतकाच पुढे घ्यावा. वाट वळते हे कळते आणि केलेली मेहनतही दिसते.

बुरूज

गडाचा बुरूज वर निमुळता होत जातो. नुसता गोल नळा उभा केला तर तो पाण्याची टाकी वाटतो. तळाची त्रिज्या ४५ मिमी आणि माथ्याची ४० मिमी अशा अर्धगोल चकत्या फोम बोर्डाच्या कापाव्यात, मधे एक ४२.५ मिमीची घ्यावी आणि त्या पाठीमागच्या १३० मिमी उंच आयताकृती तुकड्यावर समान अंतराने चिकटवाव्यात. हा झाला सांगाडा.

आता त्वचा. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे कागद ओल्या स्पंजने पुसून काही मिनिटे थांबावे आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलावे. चिकटून राहिलेले धागे बोटाने चोळले की निघतात. काही बोर्डांचा कागद इतका घट्ट असतो की त्याच्याबरोबर फोमही उपटतो, म्हणून पूर्ण ताव वापरण्यापूर्वी छोट्या तुकड्यावर पाहावे. कागदाविना राहिलेला फोम टेबलाच्या कडेवरून किंवा बाटलीवरून दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवला की तो न मोडता वळतो. तळाचा अर्धा परीघ सुमारे १४१ मिमी आणि माथ्याचा १२६ मिमी येतो. तुकडा त्या बेताने खाली रुंद आणि वर अरुंद कापावा. निमुळत्या आकारावर सरळ कडेचा तुकडा गुंडाळला की खालची कड मधोमध दोन-अडीच मिमी वर उचललेली दिसते. त्यासाठी उंचीला ५ मिमी जास्त ठेवावेत आणि गोंद पूर्ण वाळल्यावर सपाट टेबलावर पॉलिश पेपर पसरून त्यावर बुरूज घासावा. तळ सपाट होतो आणि फट राहत नाही.

माथ्यावरच्या चर्या म्हणजे कंगोरे कापताना मावळ्याला शेजारी उभा करून पाहावे. फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालण्याच्या वाटेवर, उभ्या असलेल्या मावळ्याची छाती झाकली जावी आणि डोके वर दिसावे, एवढी त्यांची उंची असावी. जंग्या म्हणजे बंदुकीची भोके आतून बाहेर उतरती असतात, कारण मारा खाली करायचा असतो. पात्याचे टोक त्याच कलाने घालून २ मिमी रुंदीच्या उभ्या चिरा पाडल्या तरी पुरते.

दगड

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. कोपऱ्याच्या जोडांवरचा कागद तेवढा सोडून भिंतींच्या बाहेरच्या बाजूचाही कागद सोलून घ्यावा. शाई संपलेल्या बॉलपेनाने आधी आडवे थर आखावेत. खालचे थर ७ ते ८ मिमी आणि वरचे ५ मिमी ठेवले की भिंतीला वजन येते. मग उभे सांधे पाडावेत. ते खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ देऊ नयेत आणि दगडांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवावी. पट्टीने आखलेल्या एकसारख्या विटा काढण्याचा मोह फार होतो, पण गडाच्या भिंतीत ती शिस्त नसते. सगळे सांधे एकदा पाडून झाल्यावर पेन दुसऱ्यांदा किंचित दाबून फिरवावे, म्हणजे दगडाच्या कडा गोल होतात. त्यानंतर मधूनमधून एखादा दगड बोटाने अर्धा मिमी आत दाबावा, एखाद्याचा कोपरा नखाने उडवावा. शेवटी अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा सगळीकडे दाबत फिरवावा. छिन्नीच्या घावांसारखा खरबरीतपणा येतो.

शनिवारवाड्याचा तट करायचा असेल तर खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा करावा. या प्रमाणात वीट जेमतेम एक मिमी जाड येते, त्यामुळे प्रत्येक वीट कोरण्याच्या भानगडीत न पडता आडव्या बारीक रेघा आणि थोडेच उभे सांधे पुरेसे होतात.

दाराच्या फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून घ्याव्यात आणि त्यांवर जाड कागदाच्या पट्ट्या लोखंडी पट्ट्या म्हणून बसवाव्यात. टूथपिकची टोके ४ मिमी लांबीची कापून सुळे करता येतात. हे सुळे हत्तीसाठी असतात, म्हणून त्यांची मुख्य रांग हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, म्हणजे या प्रमाणात जमिनीपासून ४० ते ५० मिमीवर यावी. एका फळीत दिंडी दरवाजा, म्हणजे माणसाला जाण्यापुरते छोटे दार, आखण्यास विसरू नये.

लेप आणि रंग

दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग काळा अॅक्रिलिक आणि एक भाग पाणी असे मिश्रण करून सर्व उघड्या फोमवर दोन हात द्यावेत. याने फोमला कडक साल येते, सांधे आपोआप काळे होतात आणि दवाची भीती कमी होते. लेप एकाच बाजूला दिला तर वाळताना बोर्ड वाकतो, म्हणून आतूनही एक हात द्यावा. पावसाळा लांबला असेल तर रात्रभर वाळू द्यावे. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात काही तासांत काम होते.

सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट. तो काळा म्हणवला जात असला तरी त्यातल्या लोहामुळे त्यावर तपकिरी झाक चढते आणि जुन्या भिंतींवर दगडफुलाचे फिकट डाग पडतात. काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखाडी रंग त्यामुळे सिमेंटचा वाटतो. काळ्यात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोडा पांढरा मिसळून पहिला हात द्यावा, पण सांधे भरू देऊ नयेत. त्यानंतर याच रंगात पांढरा आणि किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) वाढवून कोरड्या कुंचल्याचे काम सुरू करावे: रुंद, जुना कुंचला रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा आणि भिंतीवरून झरझर फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो. असे दोन-तीन हात उत्तरोत्तर फिकट रंगाचे द्यावेत, शेवटचा अगदी थोडा. काही सुटे दगड वेगळ्या छटेत रंगवावेत. बर्न्ट अंबर पाण्यात खूप पातळ करून, त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून जंग्यांच्या खाली आणि तळाशी ओघळ सोडावेत. तळाजवळ थोडा मळकट हिरवा लावला की पावसाळे उलटल्याची खूण पटते.

मावळे

मूर्ती रंगवण्याआधी तयारी करावी लागते आणि ती ओळखून करावी लागते. रेझिनची किंवा धातूची मूर्ती असेल तर साच्याची रेघ पात्याने खरवडून ती साबणाच्या पाण्याने धुवावी. शाडूची किंवा प्लास्टरची असेल तर ती कदापि धुऊ नये. बाजारातला चकचकीत रंग पॉलिश पेपरने हलका घासावा, कोऱ्या मूर्तीला पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यावा, नाहीतर ती रंग शोषत राहते. मूर्ती बाटलीच्या बुचावर दुहेरी टेपने चिकटवावी आणि काम संपेपर्यंत बूच धरावे, मूर्ती नव्हे.

प्रथम सर्व बाजूंनी काळा प्राइमर द्यावा आणि तो वाळल्यावर फक्त वरून, तिरक्या कोनातून फिकट राखाडी फवारावा. डबा २५ ते ३० सेंमी दूर धरून आखूड फटकारे मारावेत, तेही गच्चीत आणि कोरड्या हवेत. प्रकाश कुठून पडतो हे मूर्तीवरच उमटते आणि पुढे सावल्या कुठे ठेवायच्या याचा विचार करावा लागत नाही.

रंग पातळ हवा आणि हात दोन हवेत. पसरट डब्याच्या झाकणात ओला टिश्यू पेपर आणि त्यावर बटर पेपर ठेवला की त्यावरचे रंग संध्याकाळभर वाळत नाहीत. कुंचला एक नंबरचा, पण उत्तम टोकाचा घ्यावा. तीन शून्यांचा अगदी बारीक कुंचला आकर्षक दिसतो खरा. पण त्यात रंग इतका कमी राहतो की मूर्तीपर्यंत पोचण्याआधीच तो वाळतो.

क्रम आतून बाहेर ठेवावा: आधी त्वचा, मग अंगरखा, त्यावरचा शेला आणि शेवटी शस्त्रे. चेहऱ्यासाठी बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि यलो ऑकर समान घेऊन थोडा पांढरा मिसळावा. पूर्ण चेहरा या रंगात झाला की पातळ बर्न्ट अंबर डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला आणि मुंडाशाच्या कडेखाली सोडावा. तो वाळल्यावर मूळ रंगात थोडा ऑकर आणि नखभर पांढरा वाढवून नाकाच्या शेंड्यावर, गालांच्या उंचवट्यांवर आणि हनुवटीवर एकेक ठिपका द्यावा. डोळ्यांत पांढरा भरू नये. या मापाच्या चेहऱ्यावर पांढरा डोळा भुतासारखा वटारलेला दिसतो. भुवईखालची एक गडद रेघ पुरते आणि मिशीची रेघ बाकीचे काम करते.

कपड्यांत रंगांचा संयम ठेवावा. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मध्ये, म्हणजे शिवकालानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी लागला. त्यामुळे बाजारी मावळ्यांवरचा भडक गुलाबी आणि पोपटी त्या काळाला शोभत नाही. नुसत्या कापसाचा पिवळसर पांढरा, निळीचा निळा, मंजिष्ठेचा विटकरी लाल आणि हळदीचा पिवळा यांत सगळी पलटण सजवता येते. बहुतेक मावळ्यांचे अंगरखे पांढरट ठेवून मुंडाशी आणि शेले बदलावेत. पांढरा कपडा कधीही पांढऱ्यापासून सुरू करू नये. फिकट मातकट रंगापासून सुरुवात करून घड्यांच्या माथ्यावर तेवढा पांढरा ठेवावा. ढालीला गडद तपकिरी आणि तिच्यावरच्या चार फुल्यांना पितळी रंग द्यावा. तलवारीचे पाते चंदेरी रंगवून मुठीजवळ काळसर पाण्याची झाक दिली की ते खेळण्यातले वाटत नाही.

शेवटी मॅट वार्निशचा एक हात द्यावा. हवा दमट असताना स्प्रे वार्निश मारल्यास मूर्तीवर पांढुरका थर धरतो, म्हणून पावसाच्या दिवसांत ते कुंचल्यानेच लावावे.

मांडणी

प्लायवूडवर फेव्हिकॉल पसरून चाळलेली वाळू दाबावी. पायवाटेसाठी रांगोळी फेव्हिकॉलमध्ये कालवून लिंपली तर बारीक पोताची माती दिसते. पूर्ण वाळवलेला चहाचा चोथा पालापाचोळा म्हणून चालतो, पण त्यात ओल राहिली तर बुरशी येते. भांड्यांच्या हिरव्या घासणीचे तुकडे फाडून, त्यांवर पिवळसर रंग मारून झुडपे करावीत. दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचे गवत पिकू लागलेले असते. अळीव आणि मोहरी मातीच्या डोंगरावरच पेरावी आणि दरवाजा पाणी शिंपून झाल्यानंतरच जागेवर बसवावा.

दरवाजा तळाला कायमचा चिकटवू नये. बोळाच्या खाली प्लायवूडला दोन छोटे ठोकळे स्क्रूने बसवून त्यांवर तो खोचला तर दिवाळीनंतर उचलून ठेवता येतो. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण शाई वार्निशला चिकटते. जुन्या सुती कापडाचे तुकडे घेऊन प्रत्येकाला स्वतंत्र गुंडाळावे आणि भाले वर राहतील असे डब्यात उभे ठेवावे. डबा माळ्यावर पत्र्याला लागून ठेवण्यापेक्षा कपाटात ठेवावा, कारण उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली फोमचे जोड सुटू लागतात.